रताळ्याचं पाणी

डायलिसिसच्या वॉर्डात कुणी केळी घेऊन येतं का? पण हा बाबा आला! हातात वेलची केळ्यांची अख्खी फणी, चेहऱ्यावर हे एवढं हसू, आणि मागून काठी टेकत येणारे त्याचे वडील.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की सिस्टरांच्या हातातली पट्टी खाली पडली. "ती केळी आधी बाहेर ठेवा."

"मॅडम, केळीच हायत. बॉम्ब नाय."

"इथं केळं म्हणजे बॉम्बच!"

कर्जतच्या त्या छोट्या सेंटरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मी रोज घाबरत होते. किडन्या बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठलं, की ते थेट हृदयावर येतं. माझा एक शब्द चुकला तर कुणाचा तरी जीव जाईल, ही एकच धास्ती. रात्री झोपेतसुद्धा मी तक्ते तपासायचे.

त्याचं नाव ओमकार. चौक गावात जुन्या हायवेवर त्याचं गॅरेज. वडील चांगोतात्या, त्यांना आठवड्यातून तीनदा टेंपोतून घेऊन यायचा. तात्या मशीनला लागले, की हा माझ्या टेबलापाशी हजर.

"मॅडम, चिकू?"

"नाही."

"नारळपाणी?"

"अजिबात नाही!"

"मग माणसानं जगायचं कशावर?"

"भीतीवर. मी जगतेच ना."

तो हसला... आणि माझ्या हातातला तक्ता उलटा धरला गेला. मेलं, हे आणखी नवीन! पेशंटच्या मुलाची अशी वाट बघायची असते का? पण सोमवार, गुरुवार, शनिवार माझे कान टेंपोच्या हॉर्नकडे लागलेले असायचे. मला त्याचीही भीतीच वाटायची.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो तात्यांच्या पलंगाशी बसला होता. मी फाइल घेऊन गेले.

"उद्या तात्यांचा उपास हाय. सोड म्हटलं तर ऐकत नायत. तुमीच सांगा, केळं देऊ का रताळं?"

असा प्रश्न विचारला की मला चेव येतो. "धडधाकट माणसाला दोन्ही उत्तम," मी सुरू झाले. "ताकद म्हणाल तर दोघांत जवळपास सारखीच. केळं पटकन तरतरी देतं, रताळ्यात चोथा जास्त, ते पोटात टिकतं. पोटॅशियमला मात्र दोघंही तोडीस तोड. पण केळ्यातलं ते बाहेर काढता येत नाही. रताळ्यातलं बरंचसं काढता येतं. सोलायचं, पातळ काप करायचे, पाण्यात भिजवायचे, मग भरपूर पाण्यात उकडायचे. तात्यांना चारच काप. आणि..."

"तुमी बोलताना हात लय छान हलवता," तो हळूच म्हणाला.

मी हात खाली घेतले. तो बघत राहिला, मी बघत राहिले – आणि तेवढ्यात मला दुसऱ्या पेशंटनं हाक मारली.

सोमवारी सकाळी टेंपो आला तो हॉर्न न वाजवता. ओमकारनं तात्यांना दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. "पाय उचलत नायत मॅडम... पायात जीवच नाय म्हणतात."

डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या. कागदावरची रेषा बघताच ते भराभरा बोलले – इंजेक्शन द्या, मशीन लावा, लगेच. पोटॅशियम!

ओमकारची आई, सुंदरामावशी, दाराशी उभी होती. मी तिचा हात धरला. "मावशी, काय खाल्लं तात्यांनी?"

"केळं नाय दिलं गं बाय! पोरानं सांगितलं तसंच केलं. काप भिजवले, उकडले. चारच दिले."

"आणि उकडलेलं पाणी?"

"ते कोण टाकतंय? सगळं सत्त्व त्यातच उतरलेलं! सगळ्या घराची दोन किलो रताळी होती. ते पाणी आटवलं, त्यात वरी शिजवली, दोनी वेळा यांनाच वाढली. म्हटलं, अंगात जरा ताकद येईल."

सत्त्वाबरोबर सगळं पोटॅशियमही त्याच पाण्यात उतरलेलं; पण बिचारीनं जीव ओतून केलं होतं. पेज असो की भाजीचं पाणी, तिच्या चुलीवरनं काही मोरीत जायचंच नाही. ते टाकायला तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतं? मला आठवेना. देवा, मला खरंच आठवेना!

बाहेरच्या बाकावर ओमकार येऊन बसला.

"मॅडम, तुमी पाण्याचं सांगितलेलं. मीच घरी सांगायचं इसरलो. तुमची काय चूक नाय."

"तुम्ही ऐकलं होतं? खरं सांगा."

त्यानं मान खाली घातली. "नाय... मी ऐकतच नव्हतो. तुमच्याकडं बघत होतो. रोजच बघतो. मला आवडता तुमी. आन् त्यापायी माझा बाप..."

असं ऐकून कुणालाही आनंद व्हायला हवा. मी रडले. "मी सांगितलंच नसेल, ओमकार. मीही तुमच्याकडेच बघत होते."

त्याचा हात बाकावर होता, माझा शेजारी. आत माणूस गेला असता, तर आम्हाला पुन्हा एकमेकांचं तोंड बघवलं नसतं.

मी उठून डॉक्टरांपाशी गेले. "सर, माझ्याकडून सूचना अर्धीच राहिली असणार."

ते खूप रागावले. रागवायलाच हवं होतं. "यापुढे प्रत्येक गोष्ट लिहून द्यायची," ते म्हणाले, "आणि जी बाई रांधते, तिला समोर बसवून सांगायची." मग म्हणाले, "ठोके सुधारलेत. जा, बघून या."

तात्यांचे ओठ सुकलेले होते, पण डोळे मिश्कील. त्यांनी आमचं सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं.

"मी जागा होतो शनिवारी," ते म्हणाले. "हिनं अर्धंच सांगितलं, आन् यानं तेवढंच कसंबसं ऐकलं. दोघं गपगार. म्हटलं, आता मशीन बंद पडली तरी यांना कळायचं नाय!"

"अवो, गप पडा!" मावशी रडता रडता ओरडली.

मी तिला स्टुलावर बसवलं, कागद घेतला. सोलायचं, कापायचं, भिजवायचं... शेजारी ओमकार डोळे घट्ट मिटून उभा होता.

"काय होतंय तुम्हाला?" मी घाबरून विचारलं.

"काय नाय. डोळे उघडे ठेवले का तुमचं बोलणं ऐकू येत नाय मला."

मावशीनं तोंडाला पदर लावला. माझे कान तापले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी पाण्यापर्यंत पोचले.