चार मिनिटं अकरा सेकंद

विश्वास ठेवायचा तर ठेवा... खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट यात चूक माझीच आहे, आणि स्वतःची लक्तरं कोण उगाच वेशीवर टांगतं?

गुरुवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण असलं काही फक्त रात्रीच घडतं, असं मीही तोवर समजत होते.

मी अकरावीत होते. आमच्या शाळेत प्रत्येकाला सहा आठवडे बाहेर कुठेतरी काम करून त्यावर संशोधन-अहवाल लिहावा लागायचा. मैत्रिणी प्रयोगशाळेत गेल्या, दवाखान्यात गेल्या. मी हट्टाने विषय घेतला, 'मोजक्या माणसांत स्वतंत्र सिनेमा कसा पूर्ण होतो'. आई म्हणाली, "तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

लावले. चांगलेच लावले.

जागा म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या आणि चहा करायची एक अरुंद खोली. खाली दिवसभर धुलाईची यंत्रं घरघरायची. वर माणसं दोनच. दिग्दर्शिका साठीच्या, त्यांना सगळे ताई म्हणायचे. आणि सिनेमाचं संकलन करणारे एक गृहस्थ. त्यांना सगळे कात्री म्हणायचे, कारण त्यांची जीभही तशीच चालायची.

सिनेमा ताईंच्या लहानपणीच्या घरावर होता. सात वर्षं रखडलेला. आता एका महोत्सवाने बोलावलं होतं आणि शुक्रवारी सकाळी तो पाठवायचा होता. तो का रखडला, हे मला कात्रींनी अगदी शेवटी सांगितलं. बुधवारी.

ताईंचा धाकटा भाऊ आवाजाचं काम बघायचा. शूटिंगची एक रीत असते. सीन संपला की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादांखाली ती घातली नाही, तर जोड कानाला खुपतात. धाकटा सुरुवातीला म्हणायचा, "कोणी हलू नका." मिनिट संपलं की म्हणायचा, "झालं. हला आता."

शेवटच्या दिवशी, त्या घराच्या स्वयंपाकघरात, तो म्हणाला, "कोणी हलू नका..."

पण "हला" म्हणालाच नाही.

सगळे उभे राहिले. ताईंची त्याच्याकडे पाठ होती. दोन मिनिटं झाली. तीन झाली. त्यांना वाटलं, चेष्टा करतोय. चार मिनिटं अकरा सेकंदांनी त्या वळल्या.

तो भिंतीला टेकून खाली बसला होता. संपलेला.

"त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा श्वास आहे," कात्री म्हणाले. "कमी कमी होत जाणारा. शेवटच्या शॉटखाली ताईंना तेवढंच हवंय. बाकी सिनेमा गेला खड्ड्यात, म्हणतात."

त्या दिवशी पहिल्यांदाच ते विनोद न करता बोलत होते. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण पहिल्याच आठवड्यात डिस्क भरली होती, आणि कात्रींनी मला रिकाम्या फायली काढून टाकायला सांगितलं होतं. मी पडद्यावर बघितलं. ज्या फायलीत आवाजाची रेघ सपाट दिसत होती, ती माझ्या मते रिकामी. अशा त्रेसष्ट फायली मी झाडून काढल्या. सगळ्याची जास्तीची प्रत ठेवलेली दुसरी डिस्क होती, तीही पहिलीसारखी करून ठेवली. आणि वर कात्रींना ऐटीत सांगितलं, "बघा, किती जागा झाली!"

त्या बुधवारीच मी त्या पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला. नावं सापडली, स्वयंपाकघराच्या फायलीचंही. आत काहीच नव्हतं.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ताई त्या आठवड्यात जेवतही नव्हत्या. येता-जाता एकच विचारायच्या, "स्वयंपाकघराचं तेवढं नीट आहे ना गं?"

मी मान डोलवायचे. बुधवारनंतरही डोलवली.

गुरुवारी दुपारी ताई आणि कात्री सिनेमाचे रंग मोठ्या पडद्यावर तपासायला बाहेर गेले. मी कपाटातून धाकट्याचा जुना रेकॉर्डर काढला, चहाच्या खोलीत ओट्यावर ठेवला आणि हेडफोन लावले. शांतता ती शांतता. चार मिनिटं अकरा सेकंद. कुणाला काय कळणार?

बटण दाबलं.

आधी खालची यंत्रं ऐकू येत होती. नळ ठिबकत होता.

मग यंत्रं बंद झाली...

वाटलं, बरं झालं. पण पायाखाली फरशी अजून थरथरत होती. यंत्रं चालू होती. आवाज तेवढा नव्हता.

नळाकडे बघितलं. थेंब पडत होता. भांड्यात पडून फुटत होता.

त्याचाही आवाज नव्हता.

आणि मग उजव्या कानाशी...

श्वास.

माझा नव्हता. मी माझा कधीच रोखून धरला होता.

"कोणी हलू नका."

पुरुषाचा आवाज. दमलेला, पण रोजचं काम सांगितल्यासारखा. मी हलले नाही. खरं सांगायचं तर हलूच शकले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात उचलेना.

श्वास येत होता, जात होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. माझ्या पाठीमागे भिंतीला कापड घासल्यासारखं झालं. कुणीतरी हळूहळू खाली बसत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. ताई होत्या. चष्मा विसरला म्हणून एकट्याच परत आल्या होत्या.

त्यांनी रेकॉर्डर बघितला. माझा चेहरा बघितला.

"ताई, मी ते पुसलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "चुकून पुसलं. आणि आता... आता तो..."

त्यांनी माझ्या कानावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. त्या वळल्या आणि भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ताठ. तेव्हा उभ्या होत्या तशाच.

मी आकड्यांकडे बघत होते. तीन मिनिटं. ताई श्वास घेत होत्या, सोडत होत्या. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

तेच अंतर. मी नुकतंच ऐकलेलं.

त्या त्याच्याबरोबर श्वास घेत होत्या.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. ओठ निळे पडायला लागले. मी त्यांचा दंड धरून हलवलं. तो दगडासारखा गार होता. "ताई, वळा! ताई, मागे बघा!" माझं तोंड हलत होतं, आवाज फुटत नव्हता. चार मिनिटं. त्यांची छाती थांबली. मी रेकॉर्डरवर अक्षरशः पडले, माइकला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून किंचाळले,

"झालं! हला आता!"

धाडकन सगळे आवाज परत आले. यंत्रं, नळ, रस्त्यावरचे हॉर्न. ताई खाली कोसळल्या आणि त्यांनी बुडताना वर काढल्यासारखा मोठा श्वास घेतला. जिवंत होत्या.

मी त्यांना कवटाळलं. त्यांनी मला ढकललं.

"का म्हणालीस गं?" त्या रडत होत्या. "आणखी थोडं थांबली असतीस तर काय गेलं असतं तुझं?"

संध्याकाळी कात्रींनी रेकॉर्डरमधली फाइल उघडली. मी रेकॉर्डर त्यानंतर बंदच केला नव्हता. तो तासभर तरी चालू होता. फाइल चार मिनिटं अकरा सेकंदांची निघाली. त्यात श्वास आहे. मी नाही, ताई नाहीत, यंत्रं नाहीत, नळ नाही.

आणि शेवटी, मी किंचाळले तिथे... पुरुषाचा आवाज आहे. शांत.

"झालं. हला आता."

सिनेमा शुक्रवारी गेला. माझ्या अहवालाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. ताई माझ्याशी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. मागच्या वर्षी त्या गेल्या, झोपेतच.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. अजूनही एखादी खोली एकदम गप्प झाली, की मी आधी मागे वळून भिंत बघते. आणि स्वतःला विचारते... ते शब्द म्हणून मी ताईंना वाचवलं, की त्यांना जिथे जायचं होतं तिथून ओढून परत आणलं?

कुठेतरी नळ ठिबकत असतो, आणि त्याचा आवाज येतोय ना, एवढंच मी ऐकत बसते.