उशिरा येणारा पाय

कॅलमची आणि माझी भेट खरं तर व्हायचीच नव्हती. हालचाली टिपायचे ठिपके अंगावर लावणारा मुलगा आजारी पडला, म्हणून संगणकावर त्या हालचालींचं गणित करणाऱ्या मला खाली स्टुडिओत बोलावलं. आम्ही ऑस्ट्रेलियात, जिलाँगमध्ये क्रिकेटचा व्हिडिओ गेम बनवत होतो, आणि त्यातल्या फलंदाजाला हालचाली द्यायला टास्मानियाचा एक खराखुरा फलंदाज आला होता. काळ्या घट्ट पोशाखात, हातात बॅट.

मी त्याच्या गुडघ्यावर पांढरा ठिपका चिकटवला.

“हळू गं, गुदगुल्या होतात.”

“हलू नकोस. कॅमेऱ्याला सगळं दिसतं.”

“सगळं? मग तुझ्याकडे बघतोय तेही?”

“ते कॅमेऱ्याशिवायही दिसतंय,” मी म्हटलं... आणि माझेच कान तापले.

तो मार्च होता. मग खाडीकाठच्या बाकावर कागदातले गरम तळलेले बटाटे, वाऱ्याने उडणारे माझे केस, ते मागे सारणारी त्याची बोटं. सप्टेंबरात त्याची इथल्या राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. “झाली निवड की इथेच घर बघू,” तो म्हणायचा. ‘बघू’ म्हणताना माझ्याकडे बघायचा नाही.

जुलैत त्याचे फटके आम्ही पुन्हा टिपले. नवा खेळ चाचणीला गेला आणि तक्रारींचा पाऊस पडला. बटण वेळेवर दाबलं तरी पुढचा पाय उशिरा पडतो, ड्राइव्ह मारावा तर कड लागून झेल जातो.

“जॉस, तुझं गणित चुकलंय,” साहेब म्हणाले.

मी गणित तपासलं. बरोबर होतं. मग मार्चचा कॅलम आणि जुलैचा कॅलम पडद्यावर शेजारी शेजारी उभे केले. जुलैचा पाय उशिरा येत होता. पहिल्या चेंडूपासून, प्रत्येक चेंडूला.

संध्याकाळी बाकावर मी त्याला सांगितलं. त्याने हात गुडघ्यावर ठेवला.

“गुडघा झिजलाय,” तो म्हणाला. “डॉक्टर मे महिन्यातच म्हणाले होते. मला वाटलं, कुणाला दिसणार नाही...”

“मला तरी सांगायचंस.”

“तुझा कॅमेरा तरी चुकेल असं वाटलं होतं गं!” तो हसला. ते हसू मला पाहवलं नाही.

निवड चाचणीतून त्याने नाव मागे घेतलं. टास्मानियात भावाच्या सफरचंदांच्या बागेत काम होतं. त्याला बोटीवर सोडायला मी धक्क्यावर गेले. बारीक पाऊस होता.

“तू खोटं बोलली असतीस, तर मी अजून इथेच असतो.”

“आणि सप्टेंबरात?”

“निवड समितीने सांगितलं असतं. त्यांच्यावर चिडलो असतो. तुझ्यावर प्रेम करायला मोकळा राहिलो असतो.”

“आता नाहीस?”

त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. “आहे ना प्रेम. पण तुझ्याकडे पाहिलं की मला माझा पाय दिसतो, जॉस.”

मी त्याची बॅग उचलून त्याच्याकडे दिली. बोलले असते तर ‘थांब’ म्हणाले असते.

“तो खेळ दुरुस्त कर,” जाता जाता तो म्हणाला. “पोरं वैतागली असतील.”

दुपारी मी पायाचा तो उशीर काढून टाकला. पडद्यावरचा कॅलम झोकात पुढे आला आणि चेंडू कव्हरमधून सीमेपार गेला. शेजारून कुणीतरी ओरडलं, “जमलं गं, जॉस!”

मी मान हलवली. मग पडदा बंद केला... तो फलंदाज मला ओळखीचा वाटेना.