साडेआठची वाट

वसतिगृहाच्या खानावळीत त्या सकाळी पोह्यांपेक्षा आकड्यांचीच चर्चा जास्त होती. शेवटच्या सत्राचे ऐच्छिक विषय निवडायचे होते. रत्नागिरीच्या त्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातली मुलं एका हाताने खात होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर विषय लावून पाहत होती. विषयावर बोट ठेवलं की मोबाइलमधला ‘वाटाड्या’ लगेच सांगायचा : हा घेतलास तर पदवीअखेर तुझी श्रेणी-सरासरी इतकी होईल.

वाटाड्या येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. आधीचे गुण, ग्रंथालयात घालवलेला वेळ, झोप, सराव-परीक्षेत पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका हे सगळं तो जमवायचा, लाखो जुन्या विद्यार्थ्यांशी ताडून बघायचा आणि दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत अंदाज द्यायचा. तो सहसा चुकत नसे.

“पणन व्यवस्थापन घे, अन्विता,” समोर बसलेली नाझनीन म्हणाली. “माझं ऐकू नकोस, याचं ऐक. आठ पूर्णांक एक्कावन्न दाखवतोय.”

नाझनीन मुकादम ही अन्विता पालशेतकरची खोलीतली सोबतीण. पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास होऊन ती घरी परत निघाली होती. वाटाड्याने तिला कोणता विषय कधी आणि किती वाचायचा ते आखून दिलं आणि ती सावरली. तिचा त्याच्यावर विश्वास असणं साहजिक होतं.

अन्विताला साडेआठ हवे होते. सागरी संशोधन जहाजावर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा, तर सरासरी साडेआठच्या खाली चालत नसे. तीन वर्षं तिने त्या जहाजाशिवाय दुसरा विचार केला नव्हता. आजवरची तिची सरासरी बरोबर साडेआठ होती. आता फक्त ती राखायची होती.

विषय-निवडीची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. त्या संध्याकाळी प्रयोगशाळेची जाळी परत द्यायला अन्विता महाविद्यालयाच्या खाडीकाठच्या धक्क्यावर गेली. तिथे तोडणकर मॅडम होडीत एकट्याच बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, आणि चेहऱ्यावर हसू. हेडफोनची वायर खाली पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनपर्यंत गेली होती.

“मॅडम, काय ऐकताय?”

मॅडमनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

अन्विताला आधी नुसती खरखर ऐकू आली. मग त्यातून टर्र, टर्र, टर्र असा आवाज उमटला. लांबून दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. मग तिसऱ्याने. बघता बघता सगळी खाडी बोलू लागली.

“बेडूक?”

“ढोमे मासे,” मॅडम म्हणाल्या. “पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात. नर माद्यांना बोलावतायत. आपण वरून बघतो आणि म्हणतो, खाडी किती शांत आहे.”

अन्विताने लहानपणापासून ढोमे खाल्ले होते. चार वर्षं ती त्यांचे कल्ले, खवले आणि काटे शिकली होती. ते बोलतात, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. काळोख पडू लागला तरी तिला हेडफोन काढवेना.

“हे शिकवतात कुठे?”

“मीच शिकवते. जलध्वनिशास्त्र. पण तीन वर्षांत कोणी आलं नाही. या वेळीही कोणी आलं नाही तर विषय बंद होईल.”

खोलीवर येऊन अन्विताने त्या विषयावर बोट ठेवलं. आठ पूर्णांक सेहेचाळीस. आकडा लाल होता. खाली कारणही दिलं होतं : या विषयात तरंगांचं गणित लागतं आणि तुझं गणित कच्चं आहे.

“हे खरंच आहे,” नाझनीन म्हणाली. “तुझं गणित कच्चंच आहे. जहाज हवंय ना तुला?”

“हवंय.”

“मग?”

“जहाजावर जाऊन मी काय बघणार होते, तेच मला माहीत नव्हतं,” अन्विता म्हणाली. “आज कळलं.” आणि तिने नोंदणी केली.

पहिल्या सराव-चाचणीत तिची दाणादाण उडाली. खाडीतून पकडलेल्या आवाजाचे तुकडे करून त्यात कोणकोणत्या लहरी मिसळल्या आहेत हे गणिताने शोधायचं होतं, आणि ती पहिल्याच पायरीवर अडकली. वाटाड्याचा आकडा आठ पूर्णांक एक्केचाळीसवर आला. विषय अजून सोडता येईल, अशी सूचनाही त्याने दिली. अन्विताने ती सूचना दोनदा वाचली. मग तिने मोबाइल पालथा ठेवला आणि नाझनीनला हाक मारली.

“मला गणित शिकवशील?”

नाझनीनचं गणित चांगलं होतं. ती उठून बसली. “शिकवेन. पण आधी मला ते मासे ऐकव.”

दुसऱ्या दिवशी दोघी होडीत बसल्या. नाझनीनने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने हसू लागली. “अगं, हे तर आमच्या घरच्या लग्नासारखं आहे,” ती म्हणाली. “सगळे एकदम बोलतायत, कोणी कोणाचं ऐकत नाहीये.”

त्या दिवसापासून गणित सोपं झालं नाही, पण कशासाठी करायचं ते कळलं. कागदावरची प्रत्येक लहर म्हणजे खाडीतलं कोणीतरी होतं. अन्विता बाकीच्या विषयांत थोडी मागे पडली. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी होडी, असं चाललं. मार्चअखेर तिने आवाजांवरून खाडीचा नकाशा काढला. ढोम्यांचा कल्लोळ एका वळणावर सगळ्यात दाट होता. मॅडमनी तिथलं पाणी तपासलं, तर त्यात अंडी सापडली. मासे कुठे अंडी घालतात ते जाळं न टाकता, नुसतं ऐकून कळलं होतं. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

निकाल लागला तेव्हा अन्विता मोबाइल उघडायला तयार नव्हती. नाझनीननेच विषयवार गुण वाचले. बाकी चारही विषयांत अंदाजापेक्षा कमी. जलध्वनिशास्त्रात दहापैकी दहा. प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या श्रेयांकांनी गुणून नाझनीनने बेरीज केली, भागाकार केला, मग पुन्हा केला.

“किती?” अन्विताने विचारलं.

“साडेआठ. वर काही नाही, खाली काही नाही.” मग दोघी एकमेकींना मिठी मारून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतल्या मुली बघायला आल्या.

जहाजावर रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात गौतमी वानखडे नावाची एक अभियंता तिला भेटायला आली. वाटाड्या घडवणाऱ्या चमूत ती होती. दोघी धक्क्यावर पाय सोडून बसल्या.

“तुझ्या बाबतीत आम्ही कुठे चुकलो, ते शोधत होते,” गौतमी म्हणाली. “सुरुवातीला दोन-तीन मुलांना या विषयात कमी गुण पडले. वाटाड्याने पुढच्यांना सावध केलं. मग कोणी आलंच नाही. कोणी आलं नाही म्हणून नवी माहिती मिळाली नाही, आणि जुना अंदाज कधी तपासलाच गेला नाही. शोधलं तर असे विषय शेकड्यांनी सापडले. सगळीकडचे. वीणकाम, पाली भाषा, शेवाळं, काय काय. आम्ही कोणाला अडवलं नव्हतं. नुसता आकडा दाखवला होता.”

“आता माझ्या गुणांवरून मुलांना इकडे पाठवाल?”

“तसं केलं तर तीच चूक उलटी होईल. तुला हे आवडेल, हे आम्हाला आधी कसं कळलं असतं?”

“मलाच कुठे माहीत होतं?”

गौतमी हसली. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं.

“पुढच्या सत्रापासून अशा विषयांपुढची जागा आम्ही कोरी ठेवणार आहोत,” ती म्हणाली. “लाल नाही, हिरवा नाही, आकडाच नाही. पण ही मुलं शाळेपासून आकडा बघूनच पाऊल टाकत आली आहेत. कोऱ्या जागेवर बोट ठेवायला किती जणं धजावतील, तुला काय वाटतं?”