गल्लीभरच्या किल्ल्या

"दार कितीही ठोठावलंत तरी कुलूप काही बोलायचं नाही!"

इंजिनिअरनं चमकून मागं पाहिलं. समोरच्या दुकानात शिंपी उभा होता. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान आणि डोळ्यांत मिश्कील हसू... नेमकं ते हसूच तिला आधी दिसलं.

"मला इथं पाइप टाकायचाय," ती म्हणाली.

"मग किल्ली घ्या की."

त्याच्या मागच्या खुंट्यांवर अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या लटकत होत्या. कामाला जाताना जो तो इथंच ठेवून जायचा.

"फक्त, संध्याकाळी आणून द्यायची."

"रोज?"

"नियमच आहे," तो म्हणाला. "आत्ताच केला."

पलीकडच्या कापड रंगवायच्या कारखान्यातली ऊब गरम पाण्याबरोबर गटारात जायची. तीच पाइपांमधून घराघरांत खेळवायची, ही तिची कल्पना. घरं भिंतीला भिंत लागून. एकानं जरी नाही म्हटलं तर सगळंच अडणार. आधीच्या दोन वस्त्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. इथंही जमलं नाही तर तिचे साहेब योजना गुंडाळणार होते.

पहिल्याच घरात तिच्या हातून मास्तरीणबाईंची फरशी फुटली. स्वतःच सांगायचं म्हणून ती बाईंची शाळा सुटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. बाई आधी रागावल्या, मग पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, "पोरगी सरळ आहे हो!" मग दारं आपसूक उघडत गेली. ती थक्कच झाली. नकाशे तिचे होते, पण धीर या माणसांचा होता.

शेवटी एकच घर उरलं... शिंप्याचं.

"तुमची किल्ली कुठल्या खुंटीवर?"

"खिशात."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण किल्ली दिली की वाट बघायची सवय लागते हो..." तो टेपशी चाळा करत म्हणाला. "तुम्ही तर काम संपलं की जाणार."

"साहेब म्हणतात, पाइप सांभाळायला इथंच राहा."

"मग? काय सांगितलंत?"

"शेवटचं घर उघडल्यावर सांगते म्हटलं."

त्यानं खिशातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. किल्ली चांगलीच गरम झाली होती.

"संध्याकाळी आणून देते," ती हळूच म्हणाली.

"ही नाही आणलीत तरी... चालेल."

ती लाजली. मग पर्समधून आपल्या भाड्याच्या खोलीची किल्ली काढली आणि त्याच्या मागच्या रिकाम्या खुंटीला अडकवून कामाला गेली.