चारही इंडिकेटर एकदम

चौकात तिने उजवा इंडिकेटर दिला, आणि मागून येणारा सायकलवाला थेट बागेच्या कुंपणात... धप्प.

ती स्कूटर लावून धावली. तो झुडपात बसल्या बसल्या चष्म्याची तुटकी दांडी शोधत होता.

"अहो, लागलं का? मी उजवा दिला होता—"

"तुम्ही चारही दिले होते. मला वाटलं, गाडी आता उडणार."

कालच तिने स्वतःच्या हातांनी जुने बल्ब काढून एलईडी बसवले होते. बाबांनी बजावलं होतं, "रस्त्यात एक जरी भानगड झाली, तर स्कूटर मामाकडे जाईल." आणि स्कूटर गेली की शहराच्या त्या टोकाची नोकरीही गेलीच.

नोकरी कुठे? चष्म्याच्या दुकानात. मग काय, तासाभराने तो तिच्यासमोर! शाळेतला ड्रॉइंगमास्तर, गुडघ्याला पट्टी. ती मोहरीएवढा स्क्रू दांडीत बसवत होती आणि तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"इतक्या बारीक कामाला हात थरथरत नाही तुमचा?"

"कोणी टक लावून बघत असेल तर थरथरतो."

त्याने नजर वळवली... अर्धीच.

"बाबांना कळू देऊ नका हं," ती म्हणाली.

"नाही कळू देणार. पण दुरुस्ती मला बघायचीये."

रविवारी तिच्या इमारतीखाली ती बटण दाबत होती आणि तो स्कूटरमागे उकिडवा बसून सांगत होता, "डावा... आणि उजवाही."

तिने पुढचं कव्हर उघडलं. "सापडलं! मीटरमधला हा दिवा दोन्ही बाजूंना मिळून एकच आहे. त्यातून थोडा करंट पलीकडे गळतो. जुने बल्ब तेवढ्यात पेटायचे नाहीत, एलईडी मात्र लगेच पेटतात."

"मग?"

"दोन डायोड. करंटला जाऊ देतात, पण परत फिरू देत नाहीत."

तिने दिव्याचं एक टोक अर्थिंगला जोडलं, दुसऱ्याला तांदळाएवढे दोन डायोड. सोल्डरचा धूर, कपाळावर बट, ओठांत धरलेलं जिभेचं टोक... मास्तर बघतच राहिला.

"सांगा आता."

"डावा."

"फक्त डावा?"

"फक्त डावा," तो इतक्या हळू म्हणाला, की तिचे कान तापले.

"हे कोण?" मागे बाबा.

मास्तर चष्मा पुसायला लागला. शब्द दिला होता ना! शेवटी तीच म्हणाली, "बाबा, हे माझ्या गाडीमुळे पडले. चूक माझी होती."

बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"काका," मास्तर म्हणाला, "एकदा मागे बसून बघा. मी सायकलवर मागून येतो. गोंधळलो, तर किल्ली तुमची."

बाबा बसले. डावं वळण, उजवं, पुन्हा डावं... सायकल अचूक मागे. बाबा मान मागे वळवून बघत होते, लेकीच्या दिव्यांकडे, आणि थोडं त्या सायकलवाल्याकडेही.

"थांबव," ते म्हणाले. खाली उतरले, किल्लीला हातही लावला नाही. मास्तरला म्हणाले, "गुडघा दुखतोय ना? सायकल आण इकडे. तू बस मागे."

ती निघाली. वळणावर कानाशी आवाज आला, "मला तुम्ही... म्हणजे, तू—"

"काय?"

"फार आवडतेस."

वळण संपलं, सरळ रस्ता लागला, तरी डावा इंडिकेटर आपला लुकलुकतोच आहे. मागून बाबा धापा टाकत ओरडत होते, "अगं, कधीच वळलीस, बंद कर ते."

तिला कुठलं ऐकू येतंय. ती म्हणत होती, "परत म्हण ना."