पलीकडची गाठ

साल एकोणीसशे त्रेपन्न. पुरानं दरीवरचा गवती दोरांचा पूल नेला आणि दोरवालीचा मुलगा आठ मेंढपाळांसह पलीकडच्या कुरणावर अडकला. तीन आठवड्यांनी वर बर्फ पडू लागलं.

पूल दोन्ही काठांनी मिळून बांधायचा असे. अलीकडून दोरवाली गोफणीनं सुतळी बांधलेला दगड फेके. पलीकडे दुसऱ्या भाषेच्या वस्तीतली म्हातारी सुतळी धरी, तीन हिसके देई, मग जाड दोर ओढून खांबाला बांधी. चाळीस वर्षांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पण म्हातारी डावरी, तिची गाठ उलटी पडते, हे दोरवालीला घरच्या माणसाच्या खोडीसारखं ठाऊक होतं.

त्या सकाळी दरी धुक्यानं भरली होती. सून भिजवलेले दोर घेऊन मागे उभी होती.

"मावशी, गळ कुणाला टाकताय? ढगाला?" खेचरवाला म्हणाला.

"तुझ्यासारखा लागला तर परत सोडीन."

दोनदा दगड पाण्यात पडला. तिसऱ्यांदा सुतळी ताणली गेली. एक, दोन, तीन हिसके.

"बघ, जागी आहे माझी बाई," ती सुनेला म्हणाली.

दोर धुक्यात सरकू लागला. हातभर सरके, तळहातांवर थुंकण्यापुरता थांबे, पुन्हा सरके. असे सहा दोर गेले. दोरवालीनं अंगाचा सगळा भार टाकून ओढून पाहिलं. तसूभर हलले नाहीत.

दुपारी मेंढपाळ आले. एकेक मेंढरू खांद्यावर घेऊन खेपा घालत सगळा कळप उतरवला. माणसं नऊच्या नऊ. काठावर नुसता जल्लोष. खेचरवाल्यानं टोपी काढून दोरवालीच्या पायांशी ठेवली.

"म्हातारीला का नाही आणलंस? दोन घास जेवली असती," तिनं मुलाला विचारलं.



"आई, ती पुरातच गेली. तिला खांबाशेजारी पुरून वस्ती खोऱ्यात उतरली. आम्ही आज खाली आलो तेव्हा पूल बांधलेलाच होता."

"गाठ?"

"डावी."

दोरवाली ओंजळभर ओलं गवत घेऊन एकटी पलीकडे गेली. तासाभरानं परतली. काय केलं, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढे मुलाचा कळप तिप्पट झाला. खेचरवाला म्हातारपणी ही हकिगत रंगवून सांगे. त्यात दगड तो स्वतः फेकी. दोरवाली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी गेली. तिला अलीकडच्या खांबापाशी पुरलं.

पुढल्याच वर्षी पुन्हा पूल वाहून गेला. सून दोर घेऊन काठावर आली, तर पूल उभा होता.

अलीकडच्या खांबावर उजवी गाठ होती. सुनेनं हात लावला. गवत ओलं होतं, आणि तळहाताइतकं ऊबदार.