उलटं दाखवणारी दुर्बीण

हे खोटं असतं तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता.

मी राजशेखर. कमलनगरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची आणि ती का जळाली ते सांगायचं, हा माझा धंदा. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरही बसू देत नव्हतो. आता स्वतःच सांगतोय. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

यंदाच्या संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. जागा, आमच्या शेतातल्या घराची गच्ची.

मला आकाश बघायचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी मी दुर्बीण घेतली. लोक पहिलं काय विचारतात? "किती पट मोठं दिसतंय?" अरे बाबांनो, पटीला काय चाटायचंय! आरसा किती रुंद आहे ते विचारा. आरसा जेवढा रुंद, तेवढा उजेड जास्त. मी आठ इंची आरशाची घेतली. पाणी तापवायच्या बंबापेक्षा लांब आहे.

तिची एक खोड आहे. तिच्यात सगळं उलटं दिसतं. चांदण्यांना खाली-वर नसतं, त्यामुळं काही अडत नाही. पण झाड बघितलं की बुडखा वर आणि शेंडा खाली.

माझा धाकटा भाऊ वीरेश पहिल्यांदा बघून पोट धरून हसला होता.

"अण्णा, अख्खं जग शीर्षासन करायलंय की!"

हाच वीरेश दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरातून निघाला. "थ्री फेज आलीय, मोटार चालू करून येतो," म्हणाला.

आला नाही.

गाव म्हणालं, हैदराबादला पळाला. कुणी म्हणालं, दुसरी बाई असेल. लोकांच्या तोंडाला हात कुठं लावणार? आमच्या शेतापल्याड, मोटारीकडं जायच्या वाटेवर एक पडकी विहीर आहे. तिथंही आम्ही गळ टाकून बघितलं. नुसतं शेवाळ वर आलं.

त्याची बायको शैलश्री रोज दोन भाकरी जास्त थापायची. "येतेत की ते. मला सोडून कुठं जातेत?" म्हणायची. मला एवढंच पाहिजे होतं, की या पोरीला काय ते खरं कळावं. चांगलं असो, वाईट असो.

तर, त्या संध्याकाळी...

मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. दोन्हींचा नेम एकाच जागी लागतोय का, ते उजेड असतानाच बघून घ्यायचं असतं. त्यासाठी लांबची, जागची न हलणारी वस्तू लागते. मी नेहमी त्या पडक्या विहिरीकाठचं एकटं शिंदीचं झाड धरायचो.

दिवस नुकताच बुडाला होता. बांधावर टिटवी ओरडत होती.

मी भिंगाला डोळा लावला. झाड आलं. उलटं.

झाडाजवळ कुणीतरी होतं...

निळा शर्ट. हात अंगालगत.

वीरेश!

टिटवी गप झाली.

मी डोळा काढून नुसतं बघितलं. लांब ते झाड होतं. माणूस नव्हता. पुन्हा भिंगात बघितलं...

होता.

वाऱ्यानं शिंदीच्या झावळ्या हलत होत्या. त्याचा शर्ट हलत नव्हता.

"शैलश्री, आला गं!" असं ओरडणारच होतो. शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं.

झाड उलटं होतं. जमीन वर होती.

वीरेश मात्र सरळ दिसत होता. डोकं वर, पाय खाली.

म्हणजे तिथं, विहिरीच्या काठावर, तो डोकं जमिनीला टेकवून उभा होता. पाय आभाळाकडं.

कसा खाली उतरलो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दोन पंप लावून विहीर उपसली. पाणी हटलं आणि गाळातून वर आलेले दोन पाय दिसले. काठ ढासळून वीरेश डोक्यावर पडला होता. वरचा दगड अंगावर बसला होता.

शैलश्रीनं हंबरडा फोडला. "म्हनले न्हवते का मी! ते पळून जानारे न्हवते!" गावातल्या एकाचीही मान वर झाली नाही.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. वीरेशला बसवता आलं नाही. इतके दिवस गाळात रुतलेला... आडवाच ठेवला.

चुलती गंगव्वा पुटपुटली, "बसीवल्याबिगर माती दिलाव रे. उठून येईल लेकरू."

"गप बस काकी! काही बी बोलायलीस कामून?" मी खेकसलो.

त्याचे दिवस झाले. मन रमावं म्हणून पुन्हा गच्चीवर गेलो. नेम धरला.

झाड उलटं.

झाडाच्या अलीकडं वीरेश...

तोही उलटा.

म्हणजे आता तो पायांवर उभा होता. तोंड आमच्या घराकडं.

मी दुर्बिणीवर चादर टाकली, दोरीनं बांधली. कुणाला एक शब्द बोललो नाही.

शिवरात्र झाल्यावर गुरू बघावा म्हणून चादर काढली. दोरीची गाठ माझी नव्हती. डोळा लावला तर गुरूचा नुसता धूसर पांढरा भोपळा. लांबचं बघायला भिंगाची नळी आत सारावी लागते, जवळचं बघायला बाहेर ओढावी लागते.

नळी पार बाहेर होती.

खाली वीरेशचं कुत्रं उभं होतं. पाखरू हललं तरी भुंकणारं जनावर. ते बांधाकडं तोंड करून शेपूट हलवत होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. शैलश्री भाकरी थापत होती. दोन जास्त.

"दुर्बिणीला हात लावलीस का गं?"

"व्हय अण्णा. रोज दिवस बुडताना बघायलेय." ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. "कमी पटीचं भिंग असंल तर द्या की. ह्याच्यात आता ते मावंनात."

भिंग आहे माझ्याकडं. मी ते दुकानात कुलपात ठेवलं. ती रोज मागायची, मी रोज विसरलो म्हणायचो. तिला काय सांगणार? खरं कळावं, ही माझीच इच्छा होती.

काल दुकानातून आलो तर ती दारात उभी होती. अंगणाकडं बघत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अण्णा. आता भिंग लागत न्हाई."

कुत्रं अंगणात मधोमध उताणं पडून लाडात आलं होतं, कुणीतरी त्याचं पोट खाजवत असल्यासारखं.

अंगणात मला तरी कुणी दिसलं नाही.